अनुताईंची खूण

शंका विचारणाऱ्याला उत्तर देणे हा धर्म आहे आणि त्याला गप्प करणे ही सोय आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, कारण दोन्हींनंतर शांतता पसरते. पण एका शांततेत समाधान असते आणि दुसरीत नुसती निःशब्दता. ज्या काळी गप्प करण्याची साधने विपुल होतात, त्या काळी उत्तर देऊ शकणाऱ्यांवरचे दायित्व वाढते. हे मनात धरून पुढील हकिगत वाचावी.

सांगलीत एक लहानशी संस्था होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेट्या ती तयार करीत असे. तालुक्याच्या दवाखान्यांपासून मिरजेच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत या पेट्या पोहोचल्या होत्या. सुमेधा टेंगशे तेथे अभियंता होती आणि पेटीच्या गाभ्याची देखरेख तिच्याकडे होती.

गाभा म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. कोणत्याही संगणकीय यंत्रात अनेक कामे चाललेली असतात. पण कोणते काम आधी, कोणते नंतर, हे ठरवणारी एक मूळ आज्ञावली सर्वांच्या खाली शांतपणे बसलेली असते. अभियंते तिला कर्नल म्हणतात. ती माणसाने लिहिलेली असते आणि तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जो अनुवादक, तो कंपायलर. हा अनुवादक मोठा विनयशील आहे. उघड चूक दिसली तर तो काम नाकारतो. पण जेथे चूक आहे की लिहिणाऱ्याचा हेतूच तसा आहे, हे त्याला ठरवता येत नाही, तेथे तो काम पुढे नेतो आणि जाता जाता विचारतो, ‘आपल्याला असेच म्हणायचे होते ना?’ एखाद्या गोष्टीला नाव ठेवले आणि पुढे तिला कधी हाकच मारली नाही, तरी तो विचारतो. या पृच्छेला वॉर्निंग म्हणतात.

वर्षानुवर्षे जगभरच्या अभियंत्यांनी या पृच्छांकडे दुर्लक्ष केले. गाडी चालते आहे ना, मग कुरकुर कशाला ऐकायची, असा सर्वांचा स्वभाव. पुढे परदेशात काही उपकरणे अशाच दुर्लक्षित शंकांपायी बिघडली आणि नियम आला, की ज्या यंत्रावर प्राण अवलंबून आहे त्याच्या गाभ्यात एकही शंका अनुत्तरित राहता कामा नये. ठरलेल्या दिवसापर्यंत प्रमाणपत्र न मिळालेले उपकरण आपोआप बंद होईल.

याच सुमारास ‘निःशंक’ निघाले. आजवर माणसांनी लिहून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या आज्ञावल्या या यंत्राने वाचल्या होत्या. अशा ठिकाणी बहुसंख्य लोकांच्या मनात काय असते, हे त्याला ठाऊक होते. शंका दिसली की ते बहुमताला स्मरून दुरुस्ती करी आणि पुढे जाई. त्याचे निर्णय बहुतेक वेळा अचूकही ठरत. त्याची निंदा करण्याचे काही कारण नाही. ते आपल्या स्वभावाला धरून वागले.

त्या गुरुवारी सकाळी संस्थेचे प्रमुख शौकत मुजावर चहाचा पेला घेऊनच सुमेधेच्या टेबलाशी आले. “मॅडम, निःशंकनं रात्रीत सगळं झाडून काढलंय बघा. शंका शून्य! आता तुमची सही झाली की आपण सुटलो.”

“सगळ्या शंका एका रात्रीत?”

“त्याला कुठं आपल्यासारखं चहाला उठायचं असतंय?”

पलीकडून तेजल भंडारे ही तरुण अभियंता हसत म्हणाली, “मॅडम, आपल्या अनुताईंच्या घरातसुद्धा शिरून आलाय तो. आता त्या रुसणार!”

अनुताई ही त्या कार्यालयातील एक दंतकथा होती. हा गाभा संस्थेने फार पूर्वी एका बंद पडत चाललेल्या कंपनीकडून विकत घेतला होता. लिहिणाऱ्याचे नाव कोठेही नव्हते. मात्र तीन ठिकाणी, यंत्र ज्याकडे लक्ष देत नाही अशा टिपणाच्या जागी, रोमन लिपीत एवढेच लिहिलेले होते, ‘अनु.’ त्यावरून सर्वांनी ठरवून टाकले, की लिहिणारी कोणी अनु असावी. नवा माणूस रुजू झाला आणि त्याला काही अडले, की जुने लोक गंभीर चेहऱ्याने सांगत, “अनुताईंना विचारा.” दसऱ्याला एका रिकाम्या खुर्चीवर त्यांच्या नावाने आपट्याचे पानही ठेवले जाई.

सुमेधेने ती तीन ठिकाणे उघडली. वीज गेली तर पेटीने काय करावे, याची ती कलमे होती. त्या भाषेत प्रत्येक कलमाच्या शेवटी ‘ब्रेक’ हा शब्द लिहिण्याचा प्रघात आहे. तो लिहिला तर यंत्र तेथे थांबते. नाही लिहिला, तर ते घरंगळत खालच्या कलमात जाते. पुष्कळदा हा शब्द विसरल्याने अनर्थ होतात, म्हणून कंपायलर विचारतो. ज्याला मुद्दाम घरंगळू द्यायचे असेल त्याने तसे इंग्रजीत टिपून ठेवावे, असा संकेत आहे. येथे तसे काही टिपलेले नव्हते. निःशंकाने तिन्ही ठिकाणी ‘ब्रेक’ घातला होता आणि कारण दिले होते: ‘लेखक येथे ब्रेक विसरला आहे. अनु हे व्यक्तिनाम असावे.’

“त्यालासुद्धा अनुताईच वाटल्या,” तेजल म्हणाली.

सुमेधा हसली नाही. “विसरणारा माणूस एकदा विसरतो, तेजल. तीनदा विसरून तिन्ही वेळा खाली आपलं नाव कशाला लिहील?”

मुजावरांनी पेला खाली ठेवला. “मॅडम, परवा शनिवार. सही नाही झाली तर पेट्या बंद. मिरजेला तुमच्याच घरचं लेकरू पेटीत हाय. मी सांगायला पाहिजे काय?”

त्यांनी सांगण्याची गरज नव्हती. सुमेधेची नणंद केतकी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि तिची मुलगी दिवस भरण्याच्या फार आधी जन्मली होती. ओंजळीत मावेल एवढा तो जीव सुमेधेच्याच संस्थेच्या पेटीत वाढत होता. सही केली नाही तर शनिवारी ती पेटी बंद होणार होती. आणि सही करावी, तर ज्याचा अर्थ कळला नाही अशा गोष्टीवर करावी लागणार होती.

“उद्यापर्यंत थांबा, साहेब,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचा वर्ग चालू होता. रघुवीरशास्त्री टेंगशे यांनी आयुष्यभर संस्कृत व्याकरण शिकवले. घरात सारे त्यांना नाना म्हणत. आता त्यांच्याकडे येणारे विद्यार्थी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर घोरपडे आणि औषधाचे दुकान चालवणाऱ्या शालिनीबाई. सुमेधा स्वयंपाकघरात केतकीच्या डब्यासाठी अळिवाची खीर ढवळीत होती. बाहेरून सूत्रांचे पठण ऐकू येत होते आणि मधूनमधून नाना टाळी वाजवून म्हणत होते, “अनु!” विद्यार्थी पुन्हा म्हणत, “अनु!”

हा आवाज तिने लग्न झाल्यापासून ऐकला होता. घरातील घड्याळाच्या टोल्यासारखा तो कानाआड गेला होता. त्या दिवशी मात्र तिच्या हातातील पळी थांबली.

ती तशीच दारात आली. “नाना, हे अनु म्हणजे काय?”

शास्त्रीबुवांनी चष्म्यावरून पाहिले. “इतकी वर्षं घरात राहून आज विचारतेस? उशिरा का होईना, शंका आली हे उत्तम. अनु म्हणजे अनुवृत्ती. सूत्रकार फार मितभाषी. वरच्या सूत्रात एकदा सांगितलेला शब्द तो खालच्या सूत्रात पुन्हा सांगत नाही. तो न सांगताच खाली येतो. आई म्हणते, ‘दामू, हात धू. पाट मांड. जेवायला बस.’ दामू एकदाच म्हटलं ना? म्हणून काय पाट शेजाऱ्यानं मांडायचा?”

“आमच्या घरी एकदा हाक मारतात,” घोरपडे म्हणाले, “आणि दिवसभर अनुवृत्ती चालू.”

शालिनीबाई हसू लागल्या. शास्त्रीबुवाही हसले आणि पुढे म्हणाले, “शब्द जिथं वरून खाली उतरतो, तिथं आमच्या पाठशाळेत टाळी वाजवून अनु म्हणायची रीत. लिहिताना पुढे एक टिंब द्यायचं. ही खूण बाहेर कुठं नाही.”

सुमेधेने गॅस बंद केला आणि ती त्यांच्या समोर बसली. “नाना, तुमच्या पाठशाळेतला कुणी विद्यार्थी संगणकाकडे वळला होता का?”

विद्यार्थ्यांनी पोथ्या मिटल्या.

“एकच,” शास्त्रीबुवा म्हणाले. “आदगोंडा चौगुले. कुरुंदवाडचा. माझ्या हाताखालून त्याच्याइतकी तल्लख बुद्धी गेली नाही. शास्त्र सोडून यंत्राच्या दारी गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधेने संस्थेच्या चाचणीकक्षात दोन रिकाम्या पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत जुना गाभा होता, दुसरीत निःशंकाने दुरुस्त केलेला. मुजावर आणि तेजल बाजूला उभे राहिले. तिने जुन्या पेटीचा प्लग काढला. पेटी बॅटरीवर गेली, ऊब धरून ठेवण्यासाठी तिचा पंखा मंद झाला आणि लगेच तिची घंटा खणखणू लागली, कारण वीज गेल्यावर परिचारिकेला हाक मारणे हे तिसरे काम होते; चौथे, वीज गेल्याची वेळ नोंदून ठेवणे, तेही झाले.

मग तिने दुसऱ्या पेटीचा प्लग काढला. पेटी बॅटरीवर गेली. पुढे काहीच झाले नाही. पंखा पूर्वीसारखाच बॅटरी पीत राहिला आणि घंटा वाजली नाही. बॅटरी संपेपर्यंत ती पेटी अशीच सुखेनैव उभी राहिली असती आणि मग हळूहळू गार झाली असती.

“पण निःशंकनं सगळ्या चाचण्या पास केल्या होत्या की ओ,” तेजल हळू आवाजात म्हणाली.

“एकेका कलमाच्या केल्या. बॅटरी जोडली जाते का? जाते. पंखा मंद होतो का? सांगितलं तर होतो. घंटा वाजते का? सांगितलं तर वाजते. प्रत्येक पायरी भक्कम आहे, तेजल. फक्त जिना राहिला नाही.”

मुजावरांनी कपाळ पुसले. “सही करू नका, मॅडम. माझं ऐकून काल केली असती तर…” मग म्हणाले, “आपणच त्या टिपणाच्या जागी इंग्रजीत लिहून टाकू की, मुद्दाम आहे म्हणून.”

“कंपायलर ऐकेल. नियम ऐकणार नाही. निःशंकचा निर्णय फिरवायचा तर मूळ लेखकाला स्वतः आपला हेतू सांगावा लागतो. लेखक सापडला नाही, तर यंत्राचाच निर्णय अंतिम.”

“मग अनुताईंना गाठायचं कुठं?”

“कुरुंदवाडला,” सुमेधा म्हणाली. “आणि साहेब, त्यांना मिशा असाव्यात.”

दुपारी मुजावरांची गाडी टेंगश्यांच्या दारी थांबली, तेव्हा शास्त्रीबुवा उपरणे घेऊन पायरीवर उभे होते. सुमेधेने त्यांना बरोबर येण्याविषयी काही सांगितले नव्हते. तिने रात्री त्या तीन खुणांविषयी मात्र सांगितले होते.

“मी येतो,” एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या आसनावर बसले. वाटेत ते एकदाच बोलले. “पुढं टिंब आहे म्हणालीस ना? नक्की?”

“तिन्ही ठिकाणी आहे, नाना.”

आदगोंडा चौगुले ओसरीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडीत होते. पांढऱ्या, भरघोस मिशांचा तो मनुष्य गाडीतून उतरणाऱ्या वृद्धाला पाहून उठला आणि मांडीवरची टरफले अंगणभर सांडली.

“गुरुजी… या की. आत या. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं असतंय आमच्या जैनांत, पाटावरच बसा.”

“जेवायला आलो नाही, आदगोंडा. ही माझी सून. हिला तुला काही विचारायचं आहे.”

सुमेधेने संगणकाचा पडदा त्यांच्यापुढे धरला. ‘अनु.’ दिसताच म्हातारा ओशाळून हसला. “अजून हाय होय हे? इंग्रजीत लिहायला पायजे होतं बघा, तिकडं तसा नेमच हाय. पण हात त्या जागी आला की आपोआप हेच लिहायचा. वरचं खाली येतंय ना, मग दुसरं काय लिहू?”

“कार्यालयात आम्ही तुम्हाला अनुताई म्हणतो,” सुमेधा म्हणाली. “दसऱ्याला सोनंसुद्धा देतो.”

“एवढ्या वर्षांचं सोनं हाय म्हणा की माझं तुमच्याकडं!”

शास्त्रीबुवा हसले नाहीत. ते पडद्यावर झुकून त्या अक्षरांकडे पाहत होते. त्यांना तो मजकूर वाचता येत नव्हता, पण टिंब ओळखू येत होते.

आदगोंडा जमिनीकडे पाहत म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हणाला होता, आदगोंडानं शास्त्र सोडलं. मला काय बोलायला सुचलं नाही तवा. सोडलं नव्हतं मी. खालच्या ओळीत घेऊन आलो होतो.”

अगदी सावकाश, शब्द निवडीत शास्त्रीबुवा म्हणाले, “अनुवृत्ती कुठवर न्यायची, ते सूत्र लिहिणारा ठरवतो. मी वाचणारा. मीच मधे थांबा घालून बसलो होतो.” आणि किंचित थांबून, “पाट मांड. जेवून जाऊ.”

जेवणाआधी आदगोंडांनी गाभा पहिल्यापासून वाचला. तिन्ही खुणांच्या ठिकाणी त्यांनी आपला हेतू स्वतःच्या आवाजात आणि सहीनिशी नोंदवला. संकेताप्रमाणे इंग्रजी शब्द घातला, ‘अनु.’ मात्र शेजारीच राहू दिले. वाचता वाचता आणखी एका जागी त्यांचे बोट थांबले. तेथे कोणतीही खूण नव्हती आणि तेथेही निःशंकाने ‘ब्रेक’ घातला होता.

“हे मात्र माझं चुकलंय,” ते म्हणाले. “इथं थांबायलाच पायजे होतं. वीज आली की पंखा एकदम जोरात फिरायचा बघा, ते ह्याच्यामुळंच. यंत्र शहाणं हाय हो तुमचं. हे राहू द्या.”

“त्याला कळवतो,” मुजावर म्हणाले. “खूश होईल बिचारं.”

मग ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि बासुंदी असे जेवण झाले. सूर्य क्षितिजाला टेकला तेव्हा सर्वांचे हात धुऊन झाले होते. पाहुणे गाडीत बसत असताना आदगोंडांनी विचारले, “गुरुजी, त्या लेकराला बघायला मी आलो तर चालेल काय?”

“न आलास तर मी पुन्हा बोलणं सोडीन,” शास्त्रीबुवा म्हणाले.

शनिवारी सकाळी सुमेधेने सही केली. प्रमाणपत्र दुपारच्या आत आले. मिरजेच्या रुग्णालयात बाळाला तेवढ्यापुरते शेजारच्या पेटीत हलवून तिच्या पेटीत नवा गाभा घातला गेला आणि ती पुन्हा आपल्या जागी निजली. सुमेधेने केतकीला काहीही सांगितले नाही. केतकीने खीर खाल्ली आणि सांगितले, की गूळ जरा कमी पडला आहे.

त्यानंतर आठवडाभराने, भेटीच्या वेळी, आदगोंडांसह सारे त्या कक्षाच्या काचेबाहेर उभे असताना वीज गेली. रुग्णालयाचा जनरेटर चालू व्हायला थोडा वेळ लागतो. दिवे मालवले. पेट्या क्षणात बॅटरीवर गेल्या, त्यांचे पंखे मंदावले आणि रांगेतील प्रत्येक पेटी खणखणू लागली. परिचारिका धावत आल्या. एकीने केतकीच्या मुलीच्या पेटीवर थोपटत म्हटले, “ऐकलं गं बाई, ऐकलं. किती हाका मारशील!”

पेटीच्या आत बाळाने मूठ उघडली आणि पुन्हा मिटली. दिवे आले. पंखा हलकेच पूर्ववत फिरू लागला, धसका न देता.

तेजल कोणाला दिसू नये अशा बेताने डोळे पुसत होती. केतकी म्हणाली, “वीज जायची काही ही वेळ होती का? पण बरं झालं, पेट्या जाग्या आहेत.” सुमेधेला तेवढे पुरेसे होते. उत्तर दिले गेले होते आणि ज्यांच्यासाठी दिले त्यांना ते कळण्याचे कारण नव्हते.

निघण्याच्या वेळी आदगोंडांनी शास्त्रीबुवांच्या पायांवर डोके ठेवले. शास्त्रीबुवांनी त्यांना उठवले, मस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, “कल्याण असो. हातून लिहिले जाईल ते कोणाच्या तरी रक्षणाला येवो.”

मग सुमेधा वाकली. तिच्या मस्तकावर हात ठेवून ते म्हणाले, “अनु.”

“आमचं काय, गुरुजी?” मुजावरांनी विचारले.

“ओळीत उभे आहात ना? अनु.” आणि तेजलकडे पाहून पुन्हा, “अनु.”

नंतर ते काचेजवळ गेले. पलीकडे ती ओंजळभर मुलगी उबेत झोपली होती आणि तिला अजून नावही नव्हते. वृद्धाने काचेवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हटले,

“अनु.”